तिकीट नाही, स्कोअरबोर्ड नाही, तरी या

मागच्या अंकात भलत्याच विषयाच्या ओघात मी लिहून गेले होते की, रविवारची दुपार मला टीव्हीसमोर काढवत नाही, मी मुंबईच्या लीगचा एखादा फुटबॉल सामना गाठते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. म्हणून या वेळचं सदर सगळं फुटबॉललाच. ज्यांनी सुनेबद्दल आणि गुडघ्यांबद्दल विचारलंय, त्यांनी महिनाभर कळ सोसावी.

प्रश्न : माझी मुलगी लंडनला शिकते. मैत्रिणींबरोबर ती तिथल्या एका ‘नॉन-लीग’ सामन्याला गेली होती. गोलच्या मागे उभं राहून ओरडलो, चहा प्यायलो, दिवस कसा गेला कळलं नाही, असं फोनवर सांगत होती. हे नॉन-लीग म्हणजे काय? ते ऐकून धाकटा अकरा वर्षांचा मुलगा हट्टाला पेटलाय की आपणही असा सामना बघायचा. मुंबईत असं काही असतं का? — एक वडील, डोंबिवली

उत्तर : मुलगी चहाच प्यायली असं धरून चालू. इंग्लंडमध्ये १९८५च्या कायद्यानं वरच्या पाच पातळ्यांवरच्या सामन्यांत, मैदान दिसत असताना हातात बिअर धरायला बंदी आहे. त्याखालच्या क्लबांना ती लागू नाही, आणि तेवढ्यासाठी खाली उतरणारे प्रेक्षकही पुष्कळ.

प्रीमियर लीग आणि तिच्याखालच्या तीन डिव्हिजन मिळून तिथे ९२ क्लब होतात. पाचव्या पातळीपासून पार खेडेगावातल्या संघापर्यंत जे जे खेळतात, ते सगळे नॉन-लीग. लीग त्यांच्याही असतात, ढिगानं असतात. खालच्या पातळ्यांवरचे खेळाडू बहुतेक अर्धवेळ. आठवडाभर नोकरी, शनिवारी सेंटर हाफ. १८५७ साली निघालेला शेफील्ड एफसी, जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब, आजही याच पंगतीत आहे. २०१० पासून तिथे वर्षातून एकदा ‘नॉन-लीग डे’ करतात. देशादेशांच्या सामन्यांमुळे त्या शनिवारी मोठे क्लब रिकामे असतात. तेव्हा मोठ्यांच्या प्रेक्षकांनी घराजवळच्या छोट्या क्लबाचं मैदान गाठावं, ही कल्पना. मला हेवा वाटतो तो एवढ्याचाच, की हाफ टाइमला तिथे माणसं उठून रमतगमत दुसऱ्या टोकाला जातात, कारण आपला संघ आता तिकडच्या गोलवर चालून जाणार. खुर्चीला नंबर नाही, कुणी अडवत नाही.

आता धाकट्याचं बघू. मुंबईत असं आहे, आणि शंभरी ओलांडलेलं आहे. इथली हारवुड लीग १९०२ची. आज मुंबई फुटबॉल असोसिएशन वरपासून खालपर्यंत डिव्हिजन चालवते, मुलींचे आणि वयोगटांचे सामने वेगळे. सगळ्यात वरच्या डिव्हिजनला बरीच वर्षं एलिट म्हणायचे, आता मुंबई प्रीमियर लीग म्हणतात. इंडियन सुपर लीगमधला, म्हणजे आयएसएलवाला मुंबई सिटी अंधेरीच्या क्रीडा संकुलात खेळतो. तिथे तिकीट, दिवे, ढोल सगळं. तुमच्या मुलाला हवंय ते त्याच्या बरंच खालचं, आणि त्याला बहुतेक वेळा तिकीटच नसतं. कुपरेज, परळचं सेंट झेवियर्स आणि बांद्रा रेक्लमेशनचं नेव्हिल डिसोझा मैदान ही माझी नेहमीची ठिकाणं. सामन्यांच्या वेळा नेटवर मिळतात, पण आदल्या रात्री पाहिलेली वेळ सकाळी पुन्हा बघा, बदलते. मेगाब्लॉकही बघा. मध्य रेल्वेला फुटबॉलचं काही सोयरसुतक नाही.

पहिल्या वेळेला कुपरेजला जा. सीएसएमटीला उतरून चालत या. हुतात्मा चौक, हायकोर्टाची बाजू, मग ओव्हल मैदान आडवं ओलांडायचं. ओव्हलवर दहा-बारा क्रिकेटचे सामने एकमेकांत घुसलेले असतात. एकाचा पॉइंट म्हणजे दुसऱ्याचा लाँग ऑन. मुलगा तिथेच रेंगाळेल, त्याला ओढून काढा. महर्षी कर्वे रस्त्यानं मंत्रालयाच्या दिशेला थोडं गेलं की बँडस्टँडची बाग आणि तिच्या शेजारी कुपरेज.

अर्धा तास आधी पोचा, कारण खरी गंमत आधीच सुरू होते. बाकावर एक अधिकारी यादी घेऊन बसलेला असतो. नंबर पुकारला की खेळाडू पुढे येतो, कार्डावरचा फोटो आणि चेहरा ताडून बघतात. फोटो दाढी यायच्या आधीचा, समोरचा दाढीवाला, मग बाकीचे खिदळतात. नंतर सगळे ओळीनं उभे राहतात आणि घोड्याला नाल मारताना त्याचा खूर धरावा तसा एकेक पाय मागे वळवून सहायक रेफ्रीला बुटाच्या तळाचे स्टड दाखवतात. टीव्हीवर हे कधी दाखवत नाहीत. माझं तर निम्मं मन तिथेच भरतं.

खेळ सुरू झाला की गॅलरीत उंच जाऊन बसू नका. जिथे सोडतील तिथे, रेषेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा आणि डोळ्यांइतकेच कान उघडे ठेवा. टीव्हीच्या फुटबॉलला प्रेक्षकांचा आवाज असतो, या फुटबॉलला खेळाडूंचा. “टाइम है, टाइम है!” म्हणजे मागे कुणी नाही, निवांत बॉल घे. “मॅन!” म्हणजे आला अंगावर, सोड लवकर. गोलकीपर नव्वद मिनिटं एखाद्या बसकंडक्टरच्या चिकाटीनं मागून ओरडत असतो, पुढच्या चौघांना डावी-उजवी करत असतो. भाषा मुंबईची, म्हणजे अर्धी हिंदी, पाव मराठी, त्यात कोकणी आणि शिव्या. रेफ्रीशी बोलताना मात्र एकजात सगळे इंग्रजीत शिरतात : “रेफ, रेफ, बॉल फर्स्ट!” चुकीच्या माणसाला कार्ड मिळालं की मग मराठी.

एक प्रसंग सांगते, म्हणजे काय बघायला मिळतं ते कळेल. परळला मागे एका सामन्यात सेंटर बॅकच्या, म्हणजे बचावातल्या मधल्या गड्याच्या, उजव्या बुटाचा सोल पुढून उखडला. चालताना फटक फटक वाजायला लागला. बदली खेळाडू संपलेले. साइडला येऊन त्यानं बूट काढला, राखीव गोलकीपरनं आपला दिला, तो मोठा. फिजिओनं पिशवीतून कापसाचा बोळा काढला, टोकात कोंबला, वरून चिकटपट्टीचे चार वेढे. रेफ्री घड्याळाकडे बघतोय, समोरच्या संघाचा कोच “सर, टाइम वेस्टिंग” म्हणून नाचतोय. हा गडी लंगडी घातल्यासारखा आत गेला आणि लगेच मिळालेल्या फ्री किकला म्हणाला, मी मारतो. मारली. बॉल बारच्या बराच वरून गेला, बूट त्याच्या मागोमाग. समोरचा गोलकीपर बूट हातात घेऊन आणून द्यायला आला, तेव्हा दोन्ही बाजूचे हसत होते, रेफ्रीसुद्धा.

बाकीचं पटकन. टोपी आणि पाणी घरून घ्या. कृत्रिम गवत दुपारी तव्यासारखं तापतं आणि त्यातले रबराचे काळे दाणे दोन दिवस मोज्यांतून निघत राहतात. आत खायला मिळेल या भरवशावर राहू नका, वडापाव बाहेर खाऊन या. बॉल बाहेर आला तर मुलाला धावून आणू द्या. बदली खेळाडू एव्हाना त्याच्याशी बोलायला लागलेले असतील.

प्रश्न : ताई, राग मानू नका. मी मूळचा कोल्हापूरचा, आता नोकरीमुळं घणसोलीत. तुमचं वाचून परळला मॅच बघायला गेलो. प्रेक्षकांपेक्षा राखीव खेळाडू जास्त! आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की पेठा ओस पडतात. इथं ओरडायचं तरी कुणासाठी? — एक कोल्हापूरकर

उत्तर : राग कशाचा, दुखरी नस बरोबर दाबलीत. हा प्रश्न मी स्वतःला अनेक वर्षं विचारतेय आणि माझ्यापुरतं उत्तर मला सापडलंय.

तुमच्याकडे संघ तालमीचा असतो, तालीम पेठेची. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, ज्या गल्लीत पाळणा हलला त्या गल्लीचा झेंडा. कुणी निवडत नाही. मुंबईत संघ होता साहेबाचा. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, कॅल्टेक्स, एअर इंडिया, महिंद्रा, रेल्वे, कस्टम्स, बँका. पोरगा चांगला खेळतो म्हटल्यावर त्याला नोकरी मिळायची, आणि ते फार मोठं होतं. माझा थोरला भाऊ असाच डाव्या पायावर बँकेत लागला. त्या पायावर आमच्या घराचं भाडं भरलं गेलं, बहिणीचं लग्न झालं, त्यामुळे त्या व्यवस्थेला मी नावं ठेवणार नाही. पण प्रेक्षक कोण असायचे? त्याच्याच सेक्शनमधले, साहेबांच्या परवानगीनं लवकर सुटलेले. आम्ही घरचे. भाऊ रिटायर झाला तसे तेही यायचे थांबले.

अशा संघाचं मरणही ऑफिसच्या कागदावरच होतं. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली होती, मुंबईचा संघ देशात पहिला! २०१० मध्ये कंपनीनं वरिष्ठ संघ बंद केला. निर्णय त्यांचा, पैसा त्यांचा. पेपरात चौकट आली, थोडी हळहळ झाली, झालं. २००७ मध्ये निघालेला मुंबई एफसी नावाचा क्लब त्याच राष्ट्रीय लीगच्या नव्या रूपात, आय-लीगमध्ये, २०१७ पर्यंत खेळला, तोही गेला.

आता डोंबिवलीच्या मुलीच्या लंडनमधली एक हकीकत ऐका. विम्बल्डन नावाचा क्लब १९७७ पर्यंत नॉन-लीगमध्येच होता. तिथून चढत चढत १९८८ मध्ये त्यानं लिव्हरपूलला एक-शून्य हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडचा मानाचा कप, उचलला. २००२ साली मालकांना तो क्लब उचलून दूर मिल्टन कीन्सला न्यायची परवानगी मिळाली. प्रेक्षक म्हणाले, घेऊन जा, आम्ही नवा काढतो. माळरानावर खुल्या चाचण्या घेऊन पोरं निवडली, पार खालच्या लीगपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो एएफसी विम्बल्डन वरच्या ९२ क्लबांत जाऊन बसला. महिंद्रा बंद झाल्यावर शिवाजी पार्कात कुणी चाचण्या घेतल्या नाहीत, कारण तो संघ आपला आहे असं मुंबईत कुणाला वाटतच नव्हतं. खेळाडू होते, कोच होते, मैदान होतं. रडायला माणूस नव्हतं.

म्हणून तुम्ही विचारता ‘कुणासाठी ओरडायचं’, तर माझं म्हणणं, मुंबईत ते ठरवावं लागतं. मी स्टेशन बघून ठरवते. हल्ली वस्तीतले, उपनगरातले क्लब वर येताहेत. माहीमचा केंकरे आय-लीगपर्यंत जाऊन आला, अंबरनाथच्या नावाचाही संघ लीगमध्ये खेळलाय. तुमच्या लाइनवर सराव करणारा एखादा संघ शोधा, सलग काही सामने त्याच्याच बाजूला उभे राहा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कोच मान हलवतो. नंतर गोलकीपर नावानं विचारतो, “मागच्या वेळी कुठे होता?” पेठेत जन्म घेतल्यासारखं नाही वाटणार, हे कबूल, पण तुमच्याकडे जो आवाज वीस हजारांत विरतो, तो इथे लेफ्ट विंगरला चक्क ऐकू जातो.

आणि हो, अनिकेत जाधव तुमचाच, २०१७च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला. त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण हुल्लडबाजीमुळे सामना थांबल्याच्या बातम्याही तिकडूनच येतात बरं का. परळला निदान वडापाव खात शांतपणे बघता येतं.

प्रश्न : मला फुटबॉल आवडतं, नवऱ्याला नाही. एकटीनं गेलं तर चालेल का? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : खुशाल जा. मी जातेच. पहिल्या दिवशी “कुणाची आई?” असं विचारतील, कारण एकटी बाई म्हणजे खेळाडूची आई हा समज पक्का आहे. मी सुरुवातीला ‘कुणाचीच नाही’ म्हणायचे, आता ‘सगळ्यांची’ म्हणते आणि खुर्ची मिळते.

अडचण आहे ती स्वच्छतागृहाची. एका मैदानावर, नाव घेत नाही, बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली माळ्याकडे आणि माळी जेवायला गेलेला. तो परत आला तेव्हा दुसरा हाफ संपत आला होता. तेव्हा सोय वाटेत स्टेशनवरच उरकून मग चालायला लागा. मुलींच्या लीगचे सामने असतील त्या दिवशी मात्र कुलूप उघडं असतं, हे मी पाहिलंय. आधी तेच सामने निवडा. बघायलाही छान असतात, आणि पडल्यावर उठायला मुली मुलांच्या निम्मा वेळ घेतात.

प्रश्न : माझे वडील कुपरेजवरच्या रोव्हर्स कपच्या गोष्टी सांगायचे. माझ्या नातवाला त्या थापा वाटतात. काहीतरी सांगा त्याला. — एक आजोबा, गिरगाव

उत्तर : नातवाला हे वाचून दाखवा. रोव्हर्स कप १८९१ साली मुंबईत सुरू झाला. देशात त्याहून जुनी मोठी स्पर्धा म्हणजे १८८८चा ड्युरंड. कोलकात्याची आयएफए शील्डसुद्धा नंतरची, १८९३ची. सुरुवातीला सगळा कारभार गोऱ्या पलटणींचा. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. कप पहिल्यांदा भारतीय संघाच्या हाती लागला १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्सच्या. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो कुणाला दिलाच नाही. त्यांचे कोच सय्यद अब्दुल रहीम. पुढे १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकला भारताचा संघ त्यांनीच नेला.

आणि तो संघ निघाला की मुंबईचा नेव्हिल डिसोझा आलाच. यजमान ऑस्ट्रेलियाला भारतानं चार-दोन हरवलं, त्यात तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या वेळी चौथा आला. तो टाटांकडून आणि कॅल्टेक्सकडून खेळला, आणि १९५८चा रोव्हर्स कॅल्टेक्सनं जिंकला. बांद्र्याच्या मैदानाला नाव आहे ते त्याचं. तिथे खेळणाऱ्या पोरांना मी अधूनमधून विचारते, हा नेव्हिल कोण? “कोई पुराना प्लेअर था, आंटी.” असो. मैदानाचं नाव तरी बरोबर लिहिलंय.

रोव्हर्स या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. नातवाला म्हणावं, वडिलांच्या गोष्टींपैकी थोडंफार मीठमसाला धरलं तरी मूळ पदार्थ खरा आहे.

प्रश्न : मी रात्री जागून प्रीमियर लीग बघतो. लोकल मॅचची क्वालिटी बघवत नाही. वेळ का घालवायचा? — एक विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : नका घालवू. पण एकदा कॉर्नरच्या झेंड्याशी उभे राहा आणि दुसऱ्या डिव्हिजनचा फुलबॅक तुमच्यापासून चार हातांवर स्लाइडिंग टॅकल मारतो तो आवाज ऐका. मग रात्रीची मॅच बघताना कळेल की पडद्यावर किती हळू दिसतं सगळं.

प्रश्न : ऑफसाइड मला आजतागायत कळलेलं नाही. मैदानावर समजावून सांगणारं समालोचनही नसतं. मग काय करायचं? — एक वाचक, चेंबूर

उत्तर : समालोचन नाही हीच सोय आहे. सहायक रेफ्री, म्हणजे आपला जुना लाइन्समन, त्याच्या थोडं मागे उभे राहा आणि बॉल सोडून त्याच्याकडे बघा. तो बॉलबरोबर पळत नाही. तो पळतो बचाव करणाऱ्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत. शेवटचा बहुधा गोलकीपर, म्हणून शेवटून दुसरा म्हणजे शेवटचा बॅक. पास पायातून सुटतो त्या क्षणी चाल करणारा गडी समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात असेल आणि या बॅकच्याही पुढे व बॉलच्याही पुढे असेल, तर ती ऑफसाइडची जागा. बरोबरीत असला तर नाही. थ्रो, कॉर्नर किंवा गोल किकवरून थेट बॉल मिळाला तरी नाही. आणि नुसतं तिथे उभं राहणं गुन्हा नाही, खेळात लुडबूड केली तरच झेंडा वर.

दहा मिनिटं लाइन्समनची पळापळ बघा, नियम पायांत दिसतो. माझ्या भावानं मला तो तांदूळ निवडताना शिकवायचा प्रयत्न केला होता, खडे म्हणजे बॅक वगैरे. काही कळलं नव्हतं.

एक विनंती. ऑफसाइड कळल्यावर लगेच लाइन्समनवर ओरडायला लागू नका. त्याला उन्हात दीड तास पळायचं असतं आणि त्याच्यामागे दोन फुटांवर उभा राहून सल्ले देणारा निवृत्त गृहस्थ प्रत्येक मैदानावर आधीच हजर असतो. ती जागा भरलेली आहे.

प्रश्न : पावसात हे सामने होतात का? छत्री घेऊन यावं की नाही? — एक वाचक, भांडुप

उत्तर : मुंबईत फुटबॉल मुळात पावसाळ्यातलंच. क्रिकेटवाले पिचवर ताडपत्री टाकून घरी बसायचे, तेव्हा मैदानं फुटबॉलला मोकळी मिळायची. चिखलात बॉल थांबायचा आणि माणूस पुढे जायचा. आमची आई भावाचे कपडे न्हाणीघरात न घेता आधी गॅलरीत बादलीत बुडवायची. चाळीतल्या सगळ्यांना त्यावरून कळायचं की आज सामना झाला. आता कृत्रिम गवतावर चिखल होत नाही, पाणी साचलं तर थोडा वेळ थांबतात आणि पुढे खेळतात. विजा चमकायला लागल्या किंवा समोरचा गोल दिसेनासा झाला, तर रेफ्री खेळ थांबवतो, मग आडोशाला दोन्ही संघ आणि तुम्ही एकत्र. कोण कुठे नोकरीला आहे, कुणाची परीक्षा आहे, सगळं तेव्हा कळतं.

छत्री आणा, पण रेषेजवळ उघडू नका. लाइन्समनला दिसत नाही, आणि मागचे लोक त्याच्याआधी तुम्हाला बाहेर काढतील. रेनकोट बरा.